कपाटातली बंदूक आणि मनातली भीती

फेब्रुवारी २०२४ मधली एक सकाळ. नेऱ्यातील माझ्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीसाठी एक आजी आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. गोळ्या वेळेवर घेणाऱ्या, मीठ मोजून खाणाऱ्या, तपासणीची तारीख कधी न चुकविणाऱ्या. एरवी त्यांचा वरचा रक्तदाब १३०-१३५ च्या पुढे जात नसे. त्या दिवशी तो १७८ भरला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १७०. गोळी चुकली का, लोणचे-पापड जास्त झाले का, असे ठरलेले प्रश्न मी विचारले. आजींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही, डॉक्टर. टीव्हीवर तेच तेच दाखवीत होते. आता तुम्हीच सांगा, पोलीस ठाण्यातच गोळ्या सुटायला लागल्या, तर माणसाने गाऱ्हाणे घेऊन जायचे कुठे?"

२ फेब्रुवारीच्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला होता. शिवसेनेच्या शिंदे गटाचे कल्याणचे पदाधिकारी महेश गायकवाड गंभीर जखमी झाले आणि भारतीय जनता पक्षाचे कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. दोन्ही पक्ष तेव्हा एकाच सरकारात होते. दालनातील कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये दिवसभर घरोघरी दिसत राहिली. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची, फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू असताना, गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या रात्री, वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांचा गोळ्या झाडून खून झाला.

आजींचा मुलगा एका भूखंडाच्या वादात अडकला होता आणि त्याने दोनच दिवसांपूर्वी पोलिसांत अर्ज दिला होता. त्यामुळे कल्याणची ती बातमी त्यांना परक्या गावची वाटली नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. मी त्यांना समजावले, गोळी तीच ठेवली आणि आठ दिवसांनी बोलावले. मात्र तो प्रश्न माझ्या टेबलावर तसाच राहिला. वाचकहो, आज त्याच प्रश्नाबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. राजकारणावर निवाडा देणे हा माझा अधिकार नाही. परंतु बातमीतली गोळी म्हाताऱ्या माणसाच्या नाडीपर्यंत कशी पोहोचते आणि भीतीपोटी घरात आणलेली बंदूक पुढे काय करते, हे मी पाहिले आहे.

भीती खोटी नाही

"आई उगीच घाबरतात", "बाबांना टीव्ही पाहू देऊ नका", असे मुले-सुना मला नेहमी सांगतात. त्यांना मी आधी एवढेच सांगतो, की ही भीती उगीच नाही. उतारवयात माणसाचा वेग कमी होतो, ऐकू कमी येते, संकट आले तर पळता येत नाही. अशा वेळी आधार वाटतो तो व्यवस्थेचा. पोलीस ठाणे, तलाठ्याचे कार्यालय, गावातले चार शहाणे लोक, हा तो आधार. तो डळमळताना दिसला, की वृद्ध मनाला हादरा बसणारच.

शरीराला मात्र पडद्यावरचा धोका आणि दारातला धोका यांतला फरक कळत नाही. भीती वाटली, की मूत्रपिंडावरच्या लहानशा ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. हृदय जोरात धडधडते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, साखर वाढते. खरा धोका असेल, तर ही तयारी उपयोगाची. परंतु तेच दृश्य दिवसातून वीस वेळा पाहिले, तर शरीर वीस वेळा लढाईला उभे राहते आणि लढाई मात्र कुठेच नसते. मग झोप उडते, पोट बिघडते, रक्तदाब आणि मधुमेह हाताबाहेर जाऊ लागतात.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. बातम्या जरूर पाहाव्यात, पण दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत नको. शक्य असेल, तर सकाळचे वर्तमानपत्र वाचावे. छापील बातमी एकदा वाचून संपते, पडद्यावरची संपत नाही. एखाद्या दिवशी रक्तदाब वाढलेला दिसला, तर मनाने गोळी वाढवू नये. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, तो मोजावा आणि वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावा. मात्र छातीत दुखणे, एका बाजूचे बळ जाणे, बोलणे अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे, यांपैकी काही दिसले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आपल्या भागात पिस्तूल आले कुठून?

नेरे म्हणजे माथेरानच्या डोंगरांकडून येणाऱ्या गाढी नदीच्या खोऱ्यातले गाव. साठी-सत्तरी ओलांडलेल्या इथल्या लोकांना बंदूक ठाऊक नव्हती, असे नाही. कोकणात रानडुकरांपासून भात राखण्यासाठी काहींकडे परवान्याची ठासणीची बंदूक असे. तिची दारू, तिचे छरे, तिचा एकच बार, आणि तोही बहुधा डुकराला पळवून लावण्यापुरता. पावसाळा संपला, की ती माळ्यावर जाई. कुणी ती खांद्याला लावून लग्नाला गेला, असे ऐकिवात नाही.

गोळीबारही या भूमीने पाहिला आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला आणि सत्याग्रही हुतात्मे झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांना पाच जण बळी पडले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. आपल्यापैकी काहींनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले असतील. त्या आंदोलनाची ताकद माणसांच्या संख्येत आणि एकजुटीत होती. नेत्याच्या कमरेला काय लटकते आहे, हे तेव्हा कुणी पाहत नव्हते.

मग काय बदलले? जमिनीचा भाव बदलला. सिडकोमागून 'नैना' आले, विमानतळ आले. वाटणीचे कज्जे वाढले, दलाल वाढले आणि काही हातांत एकदम पैसा आला. पैशाबरोबर गाडी आली, गळ्यात साखळी आली आणि कुणाकुणाच्या कमरेला पिस्तूलही आले. ठासणीच्या बंदुकीला काम होते. या पिस्तुलाचे मुख्य काम दिसणे हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हा गावोगाव आनंद झाला. पण वर्षभरातच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, अंबरनाथजवळ पनवेल आणि कल्याण भागातील गाडामालकांच्या दोन गटांतील वादातून भर रस्त्यात गोळीबार झाला. ज्या शर्यतीला आपण आजोबांच्या खांद्यावर बसून जात होतो, तिच्या नावाने ही बातमी वाचताना अनेक वृद्धांना लाज वाटली. ती त्यांनी मला बोलूनही दाखवली.

ही गोष्ट एकट्या पनवेलची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. ती गोळीने झाली नव्हती. पण त्यानंतर त्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघड झाले आणि पिस्तुले दाखवणाऱ्या तरुणांच्या चित्रफितींवर चर्चा झाली. पुढे प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. रद्द करता आले, म्हणजे दिले तेव्हा नीट पाहिले होते का, हा प्रश्न कुणाही सामान्य माणसाला पडेल. मला तो जास्तच टोचला, कारण अशा एका परवान्यामागे माझीही सही आहे.

माझी सही

शस्त्र परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते, हे अनेकांना ठाऊक नसेल. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदार शरीराने आणि मनाने सक्षम आहे आणि कोणत्याही अमली पदार्थाच्या अधीन नाही, असे डॉक्टरने लिहून द्यायचे असते.

सात-आठ वर्षांपूर्वी माझे एक जुने रुग्ण असे प्रमाणपत्र मागायला आले. त्यांना आपण नाना म्हणू. वय तेव्हा सहासष्ट. थोडी जमीन विकलेली, पैसा आलेला, चुलतभावांशी वाद सुरू. "संरक्षणासाठी हवे," म्हणाले. मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, साखरेचा अहवाल चाळला. व्यसन? नाही. मानसिक आजार? नाही. झोप? बरी. पाच मिनिटांत सही करून शिक्का मारला. बाहेर रुग्णांची रांग होती. महिन्याभराने नानांनी पेढे पाठवले, तेही मी खाल्ले.

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नानांच्या पत्नी गेल्या. चाळीस वर्षांचा संसार आठ दिवसांत संपला, आणि शेवटचे दर्शनही धड झाले नाही. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांची सून एकटीच दवाखान्यात आली. नाना जेवत नाहीत, भजनाला जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, असे सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, रात्री तीन वाजता नाना उठतात आणि कपाट उघडून समोर बसतात. त्या कपाटात काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होते. त्या कागदावर खाली माझेच नाव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर सरळ विचारले, "नाना, जगू नये, असे विचार मनात येतात का?" ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. "येतात." "त्या विचारात कपाटातली वस्तू असते का?" "तीच असते," ते म्हणाले, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा हमसून रडले.

वाचकहो, असा प्रश्न विचारल्याने नको ते डोक्यात भरेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. विचार आधीच आलेला असतो. कुणी तरी विचारले, म्हणजे आपले ओझे कुणाला तरी दिसले, एवढे त्या माणसाला कळते. त्याच दुपारी नाना स्वतः, मुलाला सोबत घेऊन, पोलीस ठाण्यात गेले आणि पिस्तूल व काडतुसे जमा करून पावती घेऊन आले. पनवेलच्या मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस नातू त्यांच्या खोलीत झोपला. भजनी मंडळातले दोघे रोज संध्याकाळी येऊन बसत. दिवाळीपर्यंत नाना पुन्हा शेताच्या बांधावर दिसू लागले.

वर्षभराने मुलाने विचारले, पिस्तूल परत आणायचे का, की माझ्या नावावर करता? नाना म्हणाले, "एकदा घराबाहेर गेली ती पीडा. परत उंबऱ्याच्या आत नको."

घरात शस्त्र असले, की काय होते?

नानांच्या पिस्तुलाने चुलतभावांपासून त्यांचे संरक्षण कधी केले नाही. तशी वेळच आली नाही. धोका झाला असता, तो त्यांच्याच जिवाला. हा एका घराचा योगायोग नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांचा बारा वर्षांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःवर गोळी झाडून मृत्यू येण्याचे प्रमाण, न बाळगणाऱ्या पुरुषांच्या सुमारे आठपट आढळले. स्त्रियांत ते पस्तीसपट होते.

आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत, हे आपले भाग्य. पण त्यामागचे तत्त्व सर्वत्र सारखेच आहे. जीव द्यावा, असे वाटण्याची तीव्र लाट पुष्कळदा थोडाच काळ टिकते. त्या वेळी जीवघेणे साधन हाताशी नसेल, तर लाट ओसरते आणि माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. दुःख नाहीसे झाले नव्हते, फक्त साधन दूर गेले होते. बंदुकीच्या बाबतीत तर चुकीला दुरुस्तीच नसते.

वयाचाही विचार हवा. मोतीबिंदू, काचबिंदू, हाताचा कंप, झोपेच्या गोळ्या, मद्य, यांपैकी एकही असेल, तर शस्त्र हाताळणे धोक्याचे. धडधाकट माणसांची नजरही फसते. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच साथीदारावर, डुक्कर समजून, गोळी झाडली होती.

सर्वांत अधिक काळजी हवी, ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी. या आजारात केवळ विसरणे नसते, संशयही असतो. "घरात चोर शिरलाय", "माझे पैसे कुणी नेले", "हा माझा मुलगा नव्हे", असे रुग्ण अगदी खात्रीने बोलतो. संध्याकाळ झाली, की गोंधळ वाढतो. रात्री पाणी द्यायला आलेली सून त्याला अनोळखी वाटू शकते. अशा माणसाच्या उशाशी शस्त्र असणे म्हणजे काय, ते मी अधिक लिहायला नको. निदान झाले, त्याच दिवशी घरातील शस्त्राचा विचार करा. पुढच्या महिन्यावर टाकू नका.

घरात परवान्याचे शस्त्र असेल, तर

काळजीवाहू मंडळी एक चूक हमखास करतात. वडिलांचे पिस्तूल गुपचूप उचलून मेहुण्याकडे नेऊन ठेवतात. हेतू चांगला असला, तरी परवाना नसलेल्या माणसाने शस्त्र बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

• शस्त्र ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच विश्वासात घ्या. "तुमच्यावर विश्वास नाही" असे म्हणू नका. "नातवंडे घरात आहेत, तुमची तब्येत सुधारेपर्यंत जमा करू," असे म्हणा.

• त्यांना सोबत नेऊन शस्त्र आणि काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावती जपून ठेवा. ते येऊ शकत नसतील, तर पोलीस ठाण्याला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा. तातडीचा धोका असेल, तर ११२ ला फोन करा.

• जमा करेपर्यंत शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवा. काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे असाव्यात. रिकामे करणे हे माहीतगाराचेच काम. इतरांनी हात लावू नये.

• परवानाधारकाचे निधन झाल्यास शस्त्र विनाविलंब जमा करणे वारसांवर बंधनकारक आहे. वडिलांची आठवण म्हणून ते माळ्यावर ठेवता येत नाही.

• वयाची सत्तर वर्षे झाल्यावर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, हयातीतच वारसाचे नाव सुचवण्याची तरतूद आहे. पण वारसाला स्वतःचा परवाना मिळवावाच लागतो. आणि तो खरोखर हवा आहे का, हा प्रश्न नानांप्रमाणे आपणही विचारून पाहावा.

• लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती कुणाच्या अंगणात पडेल, हे झाडणाऱ्याला ठाऊक नसते.

भीतीवर औषध कोणते?

मग आपण असुरक्षितच राहायचे का, असे आपण विचाराल. नाही. भीतीवर उपाय आहेत, पण ते कपाटात ठेवायचे नाहीत.

एकटे राहत असाल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात आपले नाव नोंदवा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या नियमांत, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी, अशी तरतूद आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आणि तातडीसाठी ११२, हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवा. दाराला साखळी, अंगणात दिवा आणि शेजारच्या घरी एक किल्ली, एवढ्याने बऱ्याच रात्री निवांत जातात. वाद जमिनीचा असेल, तर कागदपत्रे नीट लावून ठेवा, त्यांच्या प्रती विश्वासू माणसाकडे द्या आणि वकिलाचा सल्ला घ्या. २००७ पासून आपल्या राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आहे. तुमच्या गावची समिती झोपली असेल, तर तिला जागे करायला ज्येष्ठांच्या शब्दाइतके दुसरे काही चालत नाही. आणि पोटच्या मुलांकडूनच त्रास होत असेल, तर २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

घरातल्या तरुणांकडेही पाहा. तलवारीने केक कापणारा, मित्राच्या पिस्तुलासोबत छायाचित्र काढणारा मुलगा आपलाच नातू असू शकतो. त्याला चारचौघांत रागावू नका. चिरनेरची आणि जासईची गोष्ट सांगा. आपल्याकडे मोठी ठरलेली माणसे रिकाम्या हातांची होती, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

आणि राजकारण? त्याचा वैताग मलाही येतो. एकदा एका तरुण कार्यकर्त्याला मी प्रमाणपत्र नाकारले. तो दारूचा वास घेऊनच आला होता. "साहेबांचा फोन येईल," म्हणाला. खरोखरच आला. मी एवढेच म्हणालो, की साहेबांनी स्वतः येऊन त्याच्या व्यसनाची हमी लिहून द्यावी, मी ती जोडतो. पुन्हा फोन आला नाही. आता प्रमाणपत्र मागणाऱ्याला मी दोनदा बोलावतो, अर्धा तास बोलतो आणि घरच्या माणसाशीही बोलतो. काही जण रागावून दुसरीकडे जातात. जाऊ देतो.

आपल्या हातातही एक सही आहे, मताची. उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात स्वतःवरील गुन्हे जाहीर करावे लागतात आणि ते मतदाराला पाहता येते. नातवाला मोबाइलवर वाचून दाखवायला सांगा. दारात मत मागायला आलेल्याला विचारा, तुमच्या किती कार्यकर्त्यांकडे शस्त्र आहे आणि कशासाठी? साठ वर्षे मतदान केलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न सहसा कुणी हसण्यावारी नेत नाही.

आठ दिवसांनी त्या आजी पुन्हा आल्या. बातम्या सकाळच्या वर्तमानपत्रावर आणल्या होत्या, रात्री टीव्ही बंद. रक्तदाब १३८. जाताना त्यांनी पुन्हा विचारले, "पण डॉक्टर, गाऱ्हाणे घेऊन जायचे कुठे, ते तुम्ही सांगितले नाही." मी म्हणालो, "आजी, ठाण्यातच जायचे. पण एकटीने नाही, चार जणांना घेऊन. आणि मुलाला म्हणावे, कागद घेऊन जा, दुसरे काही नको." त्या हसल्या. पुढच्या महिन्याची तारीख त्यांनी पदराला गाठ मारून लक्षात ठेवली.

(मनात निराशेचे किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर 'टेलिमानस' या शासकीय मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. मराठीतही बोलता येते.)